मी चढलो, मी चढले

पुस्तक आणलं की आधी त्याला खाकी कव्हर घालायचं आणि मग वाचायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. जुन्या पुस्तकांच्या प्रदर्शनातून लेकीसाठी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी आणली, तेव्हाही चपला काढायच्या आत कव्हर घातलं. वरचं चित्र धड पाहिलंही नाही. पुढची सगळी शोभा तिथून सुरू झाली.

गोष्ट बारा वर्षांच्या एका अट्टल चोराची. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या लोकांकडे वाऱ्याची किल्ली असते, ती पळवायचा बेत. चोर आपली गोष्ट स्वतःच सांगतो. लेक पाचवीत, इंग्रजी वाचताना अडखळायची. म्हणून संध्याकाळी मायलेकी मेथी निवडायला बसल्या की मी पुस्तक उघडून मराठी करत वाचायचो. "मी भिंतीवर चढलो. मी खाली वाकलो. मी हळूच हसलो." पहिली तीन प्रकरणं चोर एकटाच हिंडत असतो. इंग्रजीतला ‘आय’ चढलो म्हणतो की चढले, हे कळायला मार्ग नसतो, आणि तसा प्रश्न मला पडलाही नाही. चौथ्या प्रकरणात चोराची आजी भेटली. ती चोराचे केस विंचरते आणि म्हणते, "माझी गुणी मुलगी."

तिथेच थांबून चूक कबूल करायला हवी होती. पण आपलं इंग्रजी पक्कं आहे अशी घरात समजूत होती. म्हणजे माझीच. मी न अडखळता वाचलं, "आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, गुणी बाळ माझं." बाळ हा शब्द मराठीने माझ्यासारख्यांच्या सोयीसाठीच ठेवला असावा.

ते डोंगरातले लोक रामशेजखाली राहतात, असं लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं. दिंडोरीला मामाकडे जाताना ती मला किल्ल्यापाशी गाडी हळू घ्यायला लावायची. दार कुठे असेल ते बघायला. एकदा मागून तिने विचारलं, "पप्पा, तो चोर मुलगी असता तर जमलं असतं?"

"मुली असल्या भानगडीत पडत नाहीत," मी म्हणालो. "शहाण्या असतात त्या."

मला वाटलं, कौतुकच केलं. पुस्तकातली मुलगी तोवर सात दारं उघडून आत पोचली होती.

मग एका लग्नासाठी मी दोन दिवस घोटीला गेलो, पुस्तक घरीच राहिलं. परत आलो त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "ते आजीचं परत वाचा ना." मी वाचलं. गुणी बाळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. मी खूश. आपल्या वाचनातली माया पोरीला भिडली म्हणायची.

पाचव्या दिवशी टेबलावर खाकी कव्हर नीट घडी करून ठेवलेलं होतं आणि शेजारी उघडं पुस्तक. वरच्या चित्रात दोन वेण्यांची मुलगी, दातात किल्ली धरलेली.

"चार वेळा विचारलं मी तुम्हाला," लेक म्हणाली.

"अगं, तुला ते इंग्रजी..."

"केस विंचरणं कळतं मला इंग्रजीत."

"गंमत होती गं ती."

"रामशेजपाशी पण गंमतच होती?"

मी कव्हरची घडी उलगडू लागलो. "आता माझं मी वाचेन," म्हणून ती पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली.

खरं सांगायचं तर आधी मलाच राग आला. चार दिवस ही पोर माझ्यासमोर साळसूदपणे मेथी निवडत होती आणि मी वाचत होतो. घरातच माझ्यासाठी सापळा लावला होता. पण त्यात चोर म्हणून सापडलं कोण, तर मीच. आणि दर वेळी तिने सुटायला जागा ठेवली होती, ती मला दिसली नाही.

आठवडाभर कोणी मला वाचा म्हणालं नाही. मेथी झाली, शेपू झाला, मी पेपर धरून बसायचो. मग एका संध्याकाळी आतून तिचा आवाज आला. अडखळत, पण मोठ्याने, मराठीत: "मी भिंतीवर चढले. मी खाली वाकले."

मी पेपर ठेवून उठलो. बायकोने मान वर केली नाही.

"बसा खाली," ती म्हणाली. "बाळ म्हणालात ते तिने सोडून दिलं असतं. रामशेजचं इतक्यात नाही सोडणार. पण एकटीलाच वाचायचं असतं तर इतक्या मोठ्याने कशाला वाचते? इथूनच ऐका. आणि ही जुडी घ्या, हात रिकामे नकोत."