नियम सातवा

"पॅलॅडिन तुला होता येणार नाही," साहेबांचा मुलगा म्हणाला. "चोर हो. चोर चालेल."

बंगळुरातल्या जयनगरात माझ्या साहेबांचा हॉल. नव्वदच्या दशकातली रविवारची एक दुपार. जमिनीवर पाच-सहा मुलं, मध्ये फासे आणि त्या मुलाच्या मामानं अमेरिकेहून आणलेलं खेळाचं जाड पुस्तक. त्या मुलांत तुमची आई. अकरा वर्षांची. मी तिला न्यायला आले होते. दारात चपला काढत होते.

परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, मी पॅलॅडिन झालो." म्हणून हे लिहिते आहे. तुम्हा दोघा भावंडांनाही.

पॅलॅडिन म्हणजे त्या खेळातला पवित्र योद्धा. खोटं बोलत नाही. नुसता हात ठेवला की माणसाची जखम भरते. तुमच्या आईला तेवढंच हवं होतं, तो हात. पण त्यासाठी तीन फाशांवर सतरा पडावे लागत. आठवडाभर ती घरी लुडोचा फासा घेऊन सराव करत होती.

"अण्णा, मला सतरा पडलेत," ती त्याला म्हणाली. "सहा, सहा, पाच. सगळ्यांनी बघितलंय."

"पडले गं. पण कुळ?" त्यानं एक कागद उचलला आणि इंग्रजीतून वाचला. पवित्र योद्धा उच्च कुळातलाच असेल. खेळाडूचं जे कुळ, तेच त्याच्या पात्राचं. "नियम सातवा. पप्पांनी सांगितलंय मला तुमचं. आणि हे टाइप कुणी केलंय? विचार तुझ्या आईला."

मुलं हसली. आतून त्याची आई तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, "सरी, सरी, भांडू नका. तिला दुसरं काहीतरी द्या स्वल्प."

तो कागद मीच टाइप केला होता. साहेबांच्या ऑफिसात मी टायपिस्ट. मुलाच्या हस्तलिखिताचं पान त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, मी एक मूळ आणि चार कार्बन प्रती काढल्या. एक चूक नाही. टायपिंगच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, वाचू नका, वाचलं की वेग जातो. डोळा अक्षरावर, बोट कळीवर. माझं इंग्रजी निपाणीच्या शाळेपासून पहिल्या नंबराचं. तरी मी वाचलं नाही. आमची जात साहेबांना माझ्या शाळेच्या दाखल्यावरून ठाऊक होती. तो दाखला मीच फाइलला लावून दिला होता.

मी काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. नोकरी त्यांची. दारही त्यांचं. तुमच्या आईनं फासे खाली ठेवले, पेन्सिल डब्यात टाकली, उठली.

बसस्टॉपवर तिनं विचारलं, "आई, तू वाचलं नव्हतंस?"

बस आली. मी तिला आधी चढवलं. 

सोमवारी तोच कागद पुन्हा टेबलावर. सोबत जुन्या प्रती, चहा सांडलेल्या. साहेब म्हणाले, "बाई, जेवायच्या आत पाच प्रती द्या."

या वेळी मी वाचलं. पहिल्यापासून. सातव्यापाशी थांबले. 

"साहेब, हे मी करणार नाही."

"अहो, पोरांचा खेळ आहे."

"असू दे. मी करणार नाही."

त्यांनी कागद उचलला. मग तो पलीकडच्या टेबलावर, दुसऱ्या टायपिस्टकडे गेला. जेवायच्या आत पाच प्रती तयार. नियम तसाच राहिला. मीही त्याच ऑफिसात राहिले, पुढं कितीतरी वर्षं. दुसरीकडे जायला जागा नव्हती. तुमची आई त्या घरी पुन्हा गेली नाही. फाशांना हात लावला नाही. तुमच्या घरातही ती खेळायला बसत नाही, हे तू मला सांगितलंस. का, ते आता तुम्हाला कळेल.

त्या जुन्या प्रतींमधली एक कार्बन मी ठेवून घेतली होती, ती माझ्या ट्रंकेत आहे. निळी, पुसट. ती या पत्राबरोबर पाठवते आहे. ऑफिसच्या पद्धतीप्रमाणे खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. तिथं माझी आहेत. नियम कुणी केला ते तुम्ही विचारालच. कुणी उमटवला, तेही बघा.

त्या सोमवारनंतर मी न वाचता एक ओळ टाइप केलेली नाही. न वाचता एका कागदावर सहीही केलेली नाही. माझा वेग गेला. साहेबांनी दोनदा बोलून दाखवलं. गेला तो गेला.

हे पत्र आधी तुमच्या आईला वाचायला द्या. बसस्टॉपवरच्या प्रश्नाचं उत्तर तिला अजून द्यायचं आहे. नाही, वाचलं नव्हतं. ती आद्याक्षरं मी खोडणार नाही.