रोपातेचं शांत जेवण

लग्न रोपातेनं स्वतः ठरवलं, पण त्याच्या मधुचंद्राच्या जेवणाची वाट लावली ती मी. हॉटेलातल्या फोनवरच्या मुलीनं साधं विचारलं होतं, "टेबल कुणाच्या नावानं?" नाव सांगून गप्प बसायचं सोडून मी तोऱ्यात म्हटलं, "रोपाते! वातुलोमा बेटाचा रोपाते, सिंगातोकाच्या बसचा ड्रायव्हर!" मग ती फोनवर हात ठेवून कुणाला तरी ओरडून काहीतरी म्हणाली आणि आत हशा पिकला. मला वाटलं, चांगली माणसं दिसतात, दुसऱ्याच्या लग्नाचा केवढा आनंद!

रोपाते चढला की बस त्याच्या बाजूला कलते. पण एवढ्या देहात राग औषधालाही नाही. कुणाच्या तरी बोकडानं त्याचा डबा खाल्ला, तर हा बोकडाला विचारतो, "मीठ बरोबर होतं ना?" माझ्या टॅक्सीला तो डबी म्हणतो आणि मला डबीवाल्या.

"डबीवाल्या," एके दिवशी बसस्टँडवर तो म्हणाला, "तू गोऱ्या नवरानवरींना जेवायला नेतोस ना? चांगलं हॉटेल कुठलं?"

"कशाला?"

"मधुचंद्राला."

"या वयात? चंद्राचं बघू नंतर, मध तरी झेपेल का? साखर आहे तुला."

तो इतका हसला, की शेजारच्या बाकावरची म्हातारी उठून उभी राहिली. मग गंभीर होऊन म्हणाला, "मेरेसेइनीनं मागितलंय रे."

मेरेसेइनी म्हणजे त्याची नवरी, ताव्हेउनी बेटाकडची, विधवा, इकडे एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकीण. परदेशी जोडप्यांच्या जेवणासाठी गाजराची बदामं कापण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तिनं रोपातेकडे अंगठी मागितली नाही, घर मागितलं नाही. "एकदा दुसऱ्या कुणीतरी रांधावं, दुसऱ्या कुणीतरी वाढावं," ती म्हणाली, "आणि मी बसून शेवटच्या घासापर्यंत गरम जेवावं. मध्ये कुणी हाक मारायची नाही. एवढं कर."

रोपातेनं ते मनावर घेतलं. दुपारची फेरी संपली की तो हॉटेलं बघायला निघे, एखादा बाप मुलीसाठी स्थळं बघतो तसा. एका ठिकाणच्या वेताच्या खुर्चीत तो टेकला मात्र, ती अशी कण्हली की वाढपी धावत आला. ते बाद. दुसऱ्या ठिकाणी रस्त्याच्या बाजूला सगळी काचच. आमच्याकडे जेवताना समोरून कुणी गेलं, की "या, जेवायला!" म्हणावंच लागतं, आणि त्या रस्त्यानं जाणारं प्रत्येक माणूस रोपातेच्या बसमध्ये बसलेलं. "मी संध्याकाळभर बोलावणीच करत बसेन," तो म्हणाला. तेही बाद. शेवटी समुद्राकाठचं एक सापडलं. खुर्च्या जाड लाकडाच्या, रस्ता पाठीमागे, समोर नुसतं पाणी. त्यानं खुर्च्या बघितल्या, मासळी हुंगली, वारा कुठून येतो तेही बघितलं. वाढपी कुठल्या बेटाचे आहेत, ते तेवढं विचारायचं राहिलं.

ते सगळेच्या सगळे कोरोसीना बेटाचे निघाले.

आता कोरोसीना आणि वातुलोमा यांचा मूळपुरुष एक, म्हणून ते एकमेकांचे तौवू. तौवूनं तौवूचं डुक्कर पळवावं, अंगावरचा शर्ट काढून न्यावा, तोंडाला येईल ते बोलावं. समोरच्यानं हसायचं. जो चिडला तो हरला, आणि ते हरणं त्याच्या नातवंडांना ऐकवलं जातं.

संध्याकाळी मीच दोघांना घेऊन गेलो. मेरेसेइनीनं केसांत फूल खोवलं होतं. मुख्य वाढपी तानिएला, काडीसारखा माणूस, अदबीनं वाकला आणि रोपातेसमोर लहान पोरांची उंच खुर्ची आणून ठेवली. "वातुलोमाची माणसं अजून खुर्चीवर बसायला शिकतायत ना, म्हणून शिकाऊ आणली!" स्वयंपाकघराच्या दारात हशा. रोपातेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण तो हसला. मेरेसेइनीही हसली. पहिल्यांदा रिकामं ताट आलं, तीही थट्टाच. मग भाजलेली शेवंड आली, चांगली हातभर. तानिएला टेबलाजवळून जाऊ लागला आणि रोपातेच्या तोंडून जन्माच्या सवयीनं निघून गेलं, "या, जेवायला!"

तानिएला बसलाच. मेरेसेइनीच्या पुढ्यातली शेवंड मोडून त्यानं निम्मी तोंडात कोंबली आणि बाहेर ओरडला, "ए टॅक्सीवाल्या, तूही ये! हा मालक सगळ्यांना वाढतोय!" मी गेलो. आतले आचारीही हात पुसत आले.

"वहिनी," तानिएला बोटं चाटत म्हणाला, "नवरा मोठा दिलदार मिळवलात हो. याची पहिली बायको लौटोकाच्या वेल्डरबरोबर पळाली ना, ती कुठल्या गाडीनं पळाली माहितेय? याच्याच! तिकीट यानं फाडलं. ट्रंक यानं चढवली. वेल्डर मागच्या सीटवर बसलेला, त्यालाही विचारलं, 'पाय नीट पुरतात ना?' आणि उतरताना, माहेरी चाललीय समजून, तिला म्हणतो, 'आईला नमस्कार सांग, सावकाश ये!'"

सगळे टेबलं बडवून हसले. खरं सांगायचं तर मीही हसलो. गोष्ट आम्हाला सगळ्यांना ठाऊक होती, पण रोपातेच्या तोंडावर ती आजवर कुणी काढली नव्हती. तौवूला तेवढी मुभा.

मेरेसेइनी हसली नाही. "ती तर तापानं गेली ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "तिच्या कबरीसाठी मी चटई विणत्येय."

तानिएला चावता चावता थांबला. आचारी एकेक करून मागे सरकले. रोपाते काय करणार? चिडण्याची सोय नव्हती, रडण्याची तर नव्हतीच. तो हसला. टेबलावरचे पेले हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मेरेसेइनी ते हसणं पूर्ण होईपर्यंत बघत राहिली. मग आपलं ताट उचलून ती आत गेली आणि भांडी घासणाऱ्या बायकांत बसून जेवली. परतताना ती पुढे माझ्याशेजारी बसली आणि ऊस यंदा कसा आहे ते विचारत राहिली.

ती त्याला सोडून गेली नाही. गेली असती तर बरं, असं रोपातेला वाटत असेल. ती रांधते, वाढते, त्याच्या शर्टांना इस्त्री करते. फक्त त्यानं अंगणातून हाक मारली, "मेरेसेइनी!" की आतून खणखणीत आवाज येतो, "ती वारली! ताप आला होता!" शेजारची पोरं ते ऐकायला कुंपणापाशी जमतात. आता बसमध्येही कुणी घंटी मारली आणि उतरलं नाही, की मागून कुणीतरी म्हणतं, "वारला वाटतं!" रोपाते हसतो. त्यात फरक नाही.

परवा स्टँडवर तो शेंगा सोलत बसला होता. मी शेजारी टेकलो. "पळाली तर पळाली. त्यात तुझा काय दोष?" मी म्हटलं. "मेली म्हणून कशाला सांगितलंस?"

त्यानं टरफलं झटकली आणि गाडीकडे चालता चालता म्हणाला, "बायको मेलेल्याला कुणी हसत नाही."