पंप घेऊन मुरूमला

धाराशिवच्या बसस्थानकावर सकाळी साडेसातला आम्ही उभे होतो, तेव्हा माझ्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक जड गाठोडं होतं आणि ते दुसऱ्या कुणाला धरू देत नव्हते. आत गाडीचा वॉटर पंप होता, इंजिनात पाणी फिरवणारा. कोरा करकरीत, मी ठाण्याहून शोधून आणलेला. आणि तो आमच्या अँबॅसिडरला बसत नव्हता.

बसत नव्हता म्हणजे तीन भोकं अगदी बरोबर जुळायची आणि चौथं बोटभर बाजूला राहायचं. गल्लीतल्या मेकॅनिकनं दोनदा लावून पाहिला आणि हात पुसत म्हणाला, "अण्णा, हे इंजिन ह्या गाडीचं न्हाय." अण्णा त्याच्याशी तीन दिवस बोलले नाहीत. गाडी त्यांनी कोरी घेतलेली, आणि त्यांच्याशिवाय तिच्या स्टिअरिंगला कुणाचा हात लागलेला नाही, हे आमच्या घरी दर पाहुण्याला चहाबरोबर मिळतं. त्यांनी मला बॉनेट उघडून इंजिनावरची पट्टी दाखवली. पट्टीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर भिंगातून जुळवला. अंक न् अंक तोच होता. पंपाला मात्र हे कोण सांगणार?

अण्णांना गाडीतलं फारसं कळत नाही, हे इथेच सांगून टाकते. त्यांना गाडी पुसता उत्तम येते. दोन वर्षांपूर्वी पंप गळायला लागला, तेव्हापासून ती पत्र्याखाली उभी होती. या खेपेला चालू झाली नाही तर भंगारवाल्याला बोलवायचं, असा शब्द त्यांनी स्वतःच दिला होता, आणि तो देऊन झाल्यावर त्या दिवशी ते जेवले नव्हते. माझी रजा रविवारपर्यंत होती. रविवारी आई-अण्णांना त्याच गाडीतून अणदूरच्या खंडोबाला जायचं होतं.

मुरूमला जायचं कारण साधं होतं. रस्त्यांचे ओव्हरसियर असताना अण्णांची सहा वर्षं नेमणूक तिथं होती, आणि तेव्हा गाडीचं सगळं काम रसूल मिस्त्री बघायचे. इंजिन कुणाचं हे तेच सांगतील, असं अण्णांचं म्हणणं. आईला मात्र हा बेत पसंत नव्हता. धपाटे बांधून देताना ती तीनदा म्हणाली, "मुरूमला कशाला? लातूरला मिळंल की." आई एरवी कुठल्याही बेताला तीनदा विरोध करत नाही. एकदाच करते आणि तो पुरतो.

तुळजापूरला बस भरली. नळदुर्गपर्यंत अण्णा गाठोडं मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंनी काळी रानं, त्यात कमरेच्या वर गेलेली ज्वारी, मधूनच कापून रचलेले तुरीचे ढीग. खिडकीतून येणारं वारं चांगलंच गार होतं. ह्या रस्त्यावरचा प्रत्येक पूल कुणी बांधला आणि कुणी बिघडवला हे अण्णांना पाठ आहे, आणि ते मला ऐकावं लागलं.

येणेगूरला उतरून आम्ही काळीपिवळीत (माणसं भरून नेणारी जीप) बसलो. शेजारच्या म्हातारीनं गाठोड्याला बोट लावून पाहिलं.

"काय वो, भोपळा व्हय?"

"पंप आहे," अण्णा म्हणाले.

"आमच्या हिरीला बसंल का?"

"आजी, तो गाडीलाच बसत नाही," मी म्हणाले. सगळी जीप हसली. अण्णांनी गाठोडं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मुरूम माझ्या आठवणीपेक्षा मोठं निघालं. अडत दुकानांसमोर तुरीच्या पोत्यांच्या थप्प्या, आणि रस्त्यावर मराठीत सुरू झालेलं बोलणं कानडीत संपवणारी माणसं. एका हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा फोडणीचा प्रकार) खाल्ला. मी दोन बशा खाल्ल्या. रसूल मिस्त्री कुठं भेटतील म्हणून विचारलं, तर हॉटेलवाला म्हणाला, "गॅरेज पोरगा बघतोय आता. म्हातारा मागं लिंबाखाली बसतोय. पर त्याला इचारल्याबिगर पोरगा नट फिरवत न्हाय."

कडुलिंबाखाली बाजेवर पांढरी दाढीवाले मिस्त्री बसले होते. त्यांनी अण्णांना लगेच ओळखलं. उठून उभे राहिले, दोन्ही हात हातात घेतले. पहिला प्रश्न मात्र आला तो आईबद्दल; मुरूमला ती मुलांना शिकवायची, म्हणून सगळ्यांची बाई. "बाई कशा हायत?"

"मजेत," म्हणत अण्णांनी टॉवेल सोडला आणि सगळी हकीकत सांगितली. मिस्त्रींनी पंप हातात फिरवला, भोकांवरून अंगठा नेला. मग मला फोनवरचा इंजिनाचा फोटो मोठा करायला सांगितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"सोलापुरात असंल बघा तुमच्या मापाचा," ते फोटोवरून नजर न काढता म्हणाले.

"मापाचं सोडा. इंजिन माझ्याच गाडीचं आहे का, तेवढं सांगा. नंबर तर जुळतोय."

"नंबर जुळतोय म्हणल्यावर काय इचारायचं राह्यलं, साहेब?"

"मग पंप का बसत नाही?"

मिस्त्रींनी फोन मला परत दिला. अण्णांनी पंप पुन्हा टॉवेलात गुंडाळायला घेतला. "जाऊ द्या. रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. सुटलो एकदाचा." टॉवेलाची गाठ त्यांनी दोनदा बांधली आणि दोनदा सोडली.

मिस्त्रींनी टॉवेलावर हात ठेवला. "थांबा. म्या बाईंना शब्द दिला हुता, पर त्यापायी गाडी भंगारात जाऊ द्याची न्हाय. पट्टी तुमचीच हाय, साहेब. इंजिन तुमचं न्हाय. जुन्या इंजिनावरची पट्टी काढून ह्याच्यावर म्याच ठोकली."

अण्णा बाजेवर बसले.

मग सगळं कळलं. अण्णा तीन महिने पुण्याला ट्रेनिंगला गेले होते, तेव्हा आई रोज पहाटे रसूल मिस्त्रींकडून गाडी शिकली. एका रविवारी तिनं मला पुढं बसवलं आणि कुणाला न सांगता थेट अणदूर गाठलं. खंडोबाचं दर्शन घेऊन येताना जळकोटच्या अलीकडे इंजिन जाम झालं. गिअर, ब्रेक, क्लच सगळं ती शिकली होती. रेडिएटरात पाणी घालतात, एवढं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"चूक माझीच की," मिस्त्री म्हणाले. "इथल्या डाळमिलवाल्याची तसलीच गाडी पलटी झाल्ती. बॉडी गेली, इंजिन लई चांगलं. तेच बसवलं. तुमच्या गाडीपेक्षा जुनं हाय ते, म्हणून हा नवा पंप बसत न्हाय. पैशाचं इचारू नका, आमच्या तिन्ही पोरी बाईंनीच शिकवून दहावी पास केल्या."

मला एकदम आठवलं. बाभळीची सावली, पांढरी वाफ, कपाळावर भंडारा लावलेली आई आणि तिच्या हातातलं खोबरं. आजवर मला ते स्वप्नच वाटत होतं.

मिस्त्रींनी मुलाला माळ्यावर चढवलं. डाळमिलवाल्याच्या गाडीचं उरलेलं सामान तिथं अजून होतं. गोणपाटातून, डाळमिलवाल्यानं जादा म्हणून ठेवलेला, त्याच मापाचा जुना पंप निघाला. मिस्त्रींनी तो उघडून साफ केला, आतलं सील बदललं, दोन तास लावले आणि म्हणाले, "चारी भोकं बसतील. न्हाय बसली तर म्या धाराशिवला येतो."

परतीच्या बसमध्ये अण्णांनी तुळजापूरपर्यंत एकाही पुलाची गोष्ट सांगितली नाही. मला वाटलं, चिडलेत. चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगितलेली गोष्ट एका दुपारी खोटी ठरली होती.

"इतक्या लांब ती एकटी गेली?" ते अचानक म्हणाले.

"मी होते ना."

"तू सोड. गिअर टाकताना खडखड करत होती का?"

"अण्णा, मी पाच वर्षांची होते."

"नसणार," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "हात हलका आहे तिचा."

दारात आईनं पाण्याचा तांब्या दिला. "मिळाला?"

"मिळाला," अण्णा म्हणाले, आणि पंप नेऊन बॉनेटवर ठेवला. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी धपाट्यांचा रिकामा डबा पुढं केला.

शनिवारी मेकॅनिकनं पंप लावला. चारही भोकं बसली आणि गाडी तिसऱ्या चावीला सुरू झाली. मी प्रवासाला निघते ती नवीन काही बघायला. या वेळी पाहिली ती माझी आईच, आणि त्यासाठी मुरूमला जावं लागलं.

रविवारी सकाळी नारळाची पिशवी घेऊन आई नेहमीसारखी गाडीच्या डाव्या दाराशी गेली. तिथं अण्णा आधीच बसले होते. त्यांनी काचेतून चावी बाहेर धरली.

"मागच्या मैदानाला दोन चकरा मार," ते म्हणाले. "मग पुढं मी घेतो."

आई चावीकडे बघत उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"रेडिएटरात पाणी घातलंय," अण्णा म्हणाले.

आईनं पिशवी माझ्या हातात दिली, चप्पल काढली आणि वळसा घालून स्टिअरिंगपाशी जाऊन बसली. मग पुन्हा खाली उतरली, बॉनेट उघडलं आणि पाणी स्वतः बघून आली.