सासूबाईंसाठी बिनछपराची गाडी

सासूबाई लिफ्टमध्ये अडकल्या, त्या दुपारी इमारतीचा रखवालदार जेवायला गेला होता, आणि लिफ्टमधली घंटा वाजायची ती नेमकी त्याच्याच रिकाम्या खोलीत. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून, भाजीची पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या. जिना चढून घरी आल्या आणि आधी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

तेव्हापासून बंद वाहन म्हटलं की त्यांना कापरं भरायचं. बस नको, टॅक्सी नको. दार लागलं की त्या लगेच कडी चाचपायच्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप येऊ लागली, भीती होती तिथेच राहिली. पायी जाता येईल तेवढंच त्यांचं जग उरलं. पंचाईत अशी की त्यांची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या गावात राहायची, आणि तिचं मांडीचं हाड मोडल्यापासून तिलाही घराबाहेर पडता येत नव्हतं. दोघी रोज फोनवर बोलायच्या, रोज रडायच्या.

एक दिवस सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. खालून एक उघडी गाडी गेली, छप्पर मागे दुमडलेलं.

"ही चालेल मला," त्या म्हणाल्या.

सासरे हसले, मुलगाही हसला. सून मात्र हसली नाही.

ही सून कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत. मेणात दात बसवताना केसभर चूक झाली तरी अख्खी कवळी वितळवून पुन्हा करायची, अशी तिची जात. एकदा गोष्ट मनावर घेतली की तिला ती सोडवत नसे. घरात गाडी चालवता यायची तीही तिलाच. नवऱ्याची नजर एका डोळ्याने अधू होती, आणि सासऱ्यांनी सायकलपलीकडे कधी मजल मारली नव्हती.

"बघू या," ती म्हणाली, आणि तिथेच फसली.

तिला वाटलं होतं, जुन्या उघड्या गाड्या पैशाला पासरी मिळत असतील. हौसेने घेतात आणि कंटाळून विकतात. मिळत होत्याही, पण दोन सीटच्या. इकडे तर चार सीट हव्याच होत्या. सासूबाई सासऱ्यांना सोडून जाणार नाहीत, कारण ते एकटे राहिले की गॅस चालू ठेवून झोपतात. नवरा हवा, कारण आईचा हात धरायला कोणीतरी हवं. चार सीट, भरवशाचं इंजिन, आणि खिशाला झेपेल अशी. "म्हणजे गाय दुभती हवी, गरीब हवी आणि चाराही खायला नको," तिचा मावसभाऊ म्हणाला. त्याचं गॅरेज होतं, आणि ती जी गाडी दाखवेल तिला 'घेऊ नकोस' म्हणायचं, एवढंच तो बिनचूक करायचा.

पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका दलालाकडे होती. पांढरीशुभ्र, धुऊन पुसून नवरीसारखी उभी केलेली. दलाल सारखा हसायचा. त्याचे पुढचे दोन दात खोटे होते आणि शेजारच्या दातांशी रंग जुळत नव्हता. दातवालीचं लक्ष तिथेच जाऊन चिकटलं. त्याने बटण दाबलं, छप्पर झोकात मागे गेलं.

"आता बंद करून दाखवा."

त्याने पुन्हा बटण दाबलं. मोटर गुरगुरली, छप्पर अर्ध्यापर्यंत आलं आणि आळस देता देता कोणी थबकावं तसं हवेतच थांबलं. दलालाने खालून ढकललं, वरून ओढलं. काही नाही.

"मॅडम, तुम्हाला उघडीच हवी आहे ना?" तो म्हणाला. "मग हरकत काय आहे?"

दुसऱ्या गाडीच्या जाहिरातीत 'चार जण आरामात' असं होतं. माप घ्यायला दातवालीने नवऱ्याबरोबर सासऱ्यांनाही नेलं. ते मागे बसले खरे, पण गुडघे हनुवटीला टेकले. बाहेर यायची वेळ आली तेव्हा मालकाने एक हात धरला, नवऱ्याने दुसरा, आणि बाटलीतून बूच काढावं तसं त्यांना उपसून काढलं.

"ही सीट पिशवीसाठी आहे," सासरे कंबर चोळत म्हणाले. "तेही रिकाम्या."

तिसऱ्या गाडीवर मात्र तिचा जीव जडला. एका निवृत्त शिक्षिकाबाईंची गाडी, लाल, ऐसपैस, छप्पर लोण्यासारखं सरकणारं. फक्त आत शिरल्यावर ओल्या फडक्यासारखा वास आला. तिने पायाखालचा गालिचा उचलला, तर खाली पाणी. मावसभाऊ गाडीखाली सरपटत गेला आणि दाराखालच्या पत्र्याला त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो बिस्किटात शिरावा तसा आत शिरला.

"घेऊ नकोस," खालून आवाज आला.

शिक्षिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी फार जपलं हो हिला," त्या म्हणाल्या. "पाऊस आला की वर चादर टाकायचे."

दातवाली त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायली, त्यांच्या गुडघेदुखीची सगळी हकीकत ऐकली, आणि घरी येऊन पर्स सोफ्यावर आदळली.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला. "नाहीतरी..."

"नाहीतरी काय?"

"काही नाही."

"नाही, बोल. नाहीतरी तुझी आई आहे, माझी नाही, असंच ना? मग तू का नाही फिरत दारोदार?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "माझ्यासाठी कोणी त्रास घेऊ नका." या वाक्याचा त्या घरातला अर्थ 'आणखी थोडा त्रास घ्या' असा होता, हे लग्नानंतर पहिल्या महिन्यातच तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिने वरची कवळी खालच्या साच्यात बसवली. मालकाने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हा पेशंट डोक्यावर उभा राहून जेवतो का?" सगळे हसले. ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली, रागाने.

चौथ्या गाडीचा पत्ता त्याच कारखान्यात मिळाला. साच्यांसाठी प्लास्टर पुरवणारा माणूस म्हणाला, "माझ्या मेव्हण्याकडे आहे एक. रूप नाही हं तिला." रूप खरंच नव्हतं. रंग उकडलेल्या वांग्यासारखा, मागची प्लास्टिकची काच पिवळी पडलेली. छप्पर कापडी; दोन खिट्ट्या सोडायच्या आणि हाताने मागे लोटायचं. मोटर नाही, बटण नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. सासरे मागे बसले आणि कोणाच्या मदतीशिवाय बाहेर आले. मावसभावाने इंजिन ऐकलं, गाडी चालवून पाहिली, खाली सरपटला, बराच वेळ बाहेरच आला नाही.

"इंजिन ठणठणीत आहे," शेवटी तो म्हणाला. "पत्रा ठीक आहे. छप्पर हा माझा विषय नाही."

मग तो विषय तिने स्वतः घेतला. खिट्ट्या लावून ती आत बसली आणि मेव्हण्याला बागेची नळी वर धरायला लावली. समोरून, मागून, बाजूने. एका कोपऱ्यातून थेंब ठिबकत राहिला; बाकी कोरडं. मग छप्पर उघड, बंद, उघड, बंद. मेव्हणा इतका कंटाळला की शेवटी भावात थोडा उतरला.

गाडी दारात आली. सासूबाई खाली आल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, पुढच्या सीटवर बसून पाहिलं.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. दातवालीने दात आवळले.

रविवारी चौघं निघाले. सासूबाईंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. शहर मागे पडलं तशा त्या बोलायला लागल्या. रस्त्याकडेची झाडं, कोणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, एक लंगडा कुत्रा, सगळ्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं होतं. इतकं त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. दातवालीला वाटलं, चला, सुटलो. डोंगर जवळ आला, रस्ता वळला, आणि समोर बोगदा.

तिने करकचून ब्रेक मारला आणि गाडी कडेला घेतली. बोगदा गेल्याच वर्षी झाला होता. घरातलं कोणी त्यानंतर इकडे फिरकलंच नव्हतं, आणि रस्त्याची चौकशी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"हे काय आहे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला होता.

"बोगदा," नवरा मागून म्हणाला.

"दिसतंय मला."

"आई, गाडी उघडीच आहे," दातवाली म्हणाली. "डोळे मिटा. दोन मिनिटांत पलीकडे."

"गाडी उघडी आहे गं, डोंगर बंद आहे ना!"

दातवालीने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. हॉर्न वाजला. तिने कपाळ तसंच ठेवलं, हॉर्न वाजत राहिला, मागून येणारे ट्रक उलट हॉर्न देऊ लागले.

"जुना घाटरस्ता अजून चालू आहे," सासरे हळूच म्हणाले. "पेपरात आलं होतं."

"मग सांगितलं का नाही आधी?"

"मला कोणी विचारलंच नाही."

घाटरस्ता चालू होता, म्हणजे अर्धा खचला होता आणि अर्ध्यावरून जाता येत होतं. वळणावळणावर धूळ उडत होती आणि सासूबाईंमुळे छप्पर लावायची सोय नव्हती. नवऱ्याला दोनदा उलटी झाली. सासूबाई मात्र ताठ बसून होत्या आणि खालच्या दरीकडे बघून म्हणत होत्या, "किती मोकळं आहे नाही!"

पोहोचले तेव्हा धाकटी बहीण काठी टेकून फाटकात उभी होती. "एवढा उशीर? अन्न गार झालं," ती म्हणाली, आणि मग दोघी एकमेकींना धरून इतक्या रडल्या की शेजारीण धावत आली. नवऱ्याने तोंड फिरवलं. दातवालीनेही डोळे पुसले, पण धूळ गेली असेल, असं तिने ठरवलं.

जेवणं होईपर्यंत दोघी बहिणींचं भांडण जुंपलं होतं. त्यांच्या आईचं शिवणयंत्र कोणाला मिळायला हवं होतं, यावरून. यंत्र कधीच भंगारात गेलं होतं.

दातवाली उठली, बाहेर आली, गाडीत बसली. तिने छप्पर ओढून दोन्ही खिट्ट्या लावल्या, काचा वर केल्या आणि सीट मागे टाकली. पहिल्यांदाच तिला ती गाडी आवडली.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. सासरे होते.

"मी बसू का आत?"

"बसा बाबा. पण बोलायचं नाही."

त्यांनी मान हलवली, मागे शिरले, पाय आडवे पसरले आणि दार अलगद ओढून घेतलं.