रुद्राणीची चानकी

आमच्या आत्याबाईंना रिकामं काही चालत नाही. रिकामी कात्री चालवायची नाही, रिकामा पाळणा हलवायचा नाही, शेजारणीचं भांडं परत करताना निदान चिमूटभर साखर तरी आत टाकायची. मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात रिकामा तवा गॅसवर ठेवला म्हणून त्यांनी तो माझ्या डोळ्यांदेखत उचलून मोरीत टाकला होता. तवा चर्र झाला आणि माझं डोकं त्याहून जास्त. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो हे अख्ख्या चुडावा गावाला माहीत आहे. त्यात मी शाळेत विज्ञान शिकवते. मग कशाला ऐकून घेतेय!

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सिद्धम्मा. वय पासष्ट, अंगाने काडी, गळ्यात चांदीच्या करंड्यात इष्टलिंग, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. स्टेशनच्या वाटेवर आमचं किराणा दुकान आहे. सासरे धोंडप्पा गेल्यापासून ते माझे यजमान शिवकांत बघतात. घरात गॅस आहे, मिक्सर आहे, सगळं आहे. पण आत्याबाईंचा जीव मागच्या अंगणातल्या पत्र्याखालच्या चुलीत. चहा-भाजी गॅसवर झाली तर त्यांची हरकत नसे. भाकरी, वांगी, शेंगदाणे, लसूण, मिरच्या, जे काही भाजायचं ते मात्र चुलीवरच.

आणि सगळ्या भाकरी झाल्या की परातीत उरलेल्या पिठाची एक तळहाताएवढी चानकी. चानकी लहान लेकरांसाठी करतात. आमच्या घरात लहान लेकरू नाही. तरी रोज ती आरावर, लाल निखाऱ्यांवर, भाजून चुलीमागच्या भानुशीवर, त्या मातीच्या कट्ट्यावर, ठेवलेली असायची आणि सकाळी नसायची. पत्र्याखालून मांजर येतं हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हटलं, मांजरासाठी करत असतील. म्हातारीची हौस.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा खोकला थांबेना. परभणीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि आत्याबाईंना न विचारता मलाच विचारलं, "चूल आहे का घरी?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "ती बंद करा. नाहीतर पुढचा हिवाळा यांना ऑक्सिजनची नळी लावून काढावा लागेल, तोही निघाला तर."

दवाखान्यातून निघालो ते थेट विजेच्या सामानाच्या दुकानात. मी आधीच ठरवलं होतं, विजेवरचा भाजायचा ओव्हन घ्यायचा. दुकानदार आधी मायक्रोवेव्ह दाखवायला लागला. मी म्हटलं, त्यात वांगं शिजतं, भाजत नाही, मला सळ्यांचा पाहिजे, वर दोन आणि खाली दोन. मग त्याने एक इवलासा काढला. त्यात भरताचं एक वांगं आडवं बसलं नसतं. शेवटी मधला निवडला: काचेचं दार, आत दिवा, जाळी, ताट, तापमानाची एक कळ आणि वेळेची एक, वेळ संपली की टिंग करणारी. आत्याबाईंनी दार उघडून आत हात घातला, जाळी चाचपली आणि विचारलं, "यात आर कुठं असतो?"

"आर नसतो आत्याबाई. या सळ्याच लाल होतात."

"राखबी न्हाई?"

"राखबी न्हाई."

त्यांना ते काही पटलेलं दिसलं नाही.

एवढ्या मोठ्या ओव्हनला साधा प्लग चालत नाही. वायरमनने मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, मोठा सॉकेट बसवला, अर्थिंग करून दिलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भिंतीपासून चार बोटं सोडून, मी ओव्हन मांडला. पुस्तकात लिहिलं होतं की पहिल्यांदा पंधरा मिनिटं रिकामाच तापवा, म्हणजे कारखान्याचा वास जाईल. मी कळ फिरवली. सळ्या हळूहळू लाल झाल्या, थोडा धूर आला, खिडकी उघडली. तेवढ्यात आत्याबाई आल्या.

"आत काय ठिवलंस?"

"काही नाही. आधी रिकामा तापवायचा असतो."

"रिकामा?"

ज्या बाईने जन्मात ओल्या हाताने बटणाला हात लावला नाही, तिने पुढे होऊन ओल्याच हाताने अख्खा प्लग उपटला. मग परातीपाशी बसून पीठ भिजवलं, चानकी थापली, ती ताटात ठेवून ओव्हनमध्ये सरकवली आणि मला म्हणाल्या, "आता लाव." मी हसले. खरं सांगते, हसले. आजही त्या हसण्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी शिवकांतना विचारलं. त्यांनी तराजू पुसायला घेतला. मग बोलले.

त्यांना एक बहीण होती. रुद्राणी, सहा वर्षांची. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. तापाने आठ दिवस पडून होती. नवव्या दिवशी ताप उतरला, ती उठून चुलीपाशी भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, अव्वा, चानकी दे. अव्वा म्हणजे आई. आत्याबाईंना काय आनंद झाला असेल! त्यांनी लगेच तवा टाकला. डबा उघडला तर पीठ नव्हतं. दळण गिरणीत, गिरणीची लाईट गेलेली. तवा तसाच ठेवून त्या शेजारी मूठभर पीठ आणायला गेल्या. शेजारीण पोरीची चौकशी करत बसली. परत आल्या तेव्हा तवा लाल झाला होता आणि रुद्राणी भिंतीला टेकून तशीच बसलेली होती. गेलेली होती.

"तवापासून अव्वा रोज चानकी करती," शिवकांत म्हणाले. "आप्पानं लय समजावलं. पुना आमी कुनी इषय काडला न्हाई."

एवढं समजल्यावर मी तो ओव्हन कधी रिकामा तापू दिला नाही. आत्याबाईही शिकल्या; भाकरी गॅसवर करू लागल्या. संध्याकाळी गावभर दिवे-पंखे लागले की व्होल्टेज पडायचं आणि सळ्या नुसत्या तांबूस व्हायच्या, म्हणून भाजणं दुपारी चारला. आधी दहा मिनिटं आत चानकी ठेवून ओव्हन तापवायचा. मग ती काढून वांगी लावायची, सुरीने टोचे मारून, तेलाचा हात फिरवून. टोचे न मारलेलं एक वांगं आत फुटलं तेव्हा आत्याबाईंनी काचेला आतून चिकटलेला गर तासभर खरवडला. दाण्यांना आच कमी आणि मध्ये दोनदा हलवायचे, हे मात्र त्यांनी मला शिकवलं. सगळं उरकून ओव्हन बंद झाला की चानकी परत जाळीवर ठेवायची आणि दार लावायचं.

घोटाळा तिथेच होता. पत्र्याखालून येणारं मांजर काचेचं दार उघडू शकत नाही.

पहिल्या सकाळी त्यांनी पूजा आटोपून दार उघडलं. चानकी तिथेच. दुसऱ्या सकाळीही. चौथ्या दिवशी मी पाहिलं तर जाळीवर चार चानक्या एकीवर एक ठेवलेल्या, आणि आत्याबाई समोर पाटावर बसून आतल्या दिव्याकडे बघत होत्या. त्या दिवशी शाळेतून आले तर मागच्या अंगणातून धूर. चुलीपुढे त्या खोकून खोकून वाकल्या होत्या, ओठ निळे पडले होते. मी पाण्याचा तांब्या आरावर ओतला आणि तोंडाला येईल ते बोलले. डॉक्टर काय म्हणाले, मी कोणासाठी मरमर करते, मेलेली माणसं जेवत नसतात, सगळं.

त्यांनी मला बोलून घेऊ दिलं. दम लागला होता, एकेक शब्द मोजून टाकत म्हणाल्या, "तिला त्या डब्यातली वाट घावली न्हाई गं. चूल तिला ठावं हाय."

"आत्याबाई, आपल्यात भूत-पिशाच्च नसतं. गेलेलं माणूस शिवात मिळतं. तुमीच सांगता."

"मिळतं. पन दुसऱ्याच्या घरी पिंड ठिवतेत, कावळा शिवतो, मानसाला कळतं, बाबा, धालं, पोट भरलं. आमच्यात पिंड न्हाई, कावळा न्हाई. मला कोन सांगंल?" त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं. "आन आमच्यात बसवून माती देतेत. निजलेल्याला भूक लागत न्हाई, अनुपमा. बसलेल्याला लागती. माजं लेकरू बसल्यालं हाय."

मी घरात आले, जाळीवरच्या शिळ्या चानक्या मांजराला टाकल्या आणि त्या दिवशीची ओव्हनमध्येच भाजून ठेवली.

रात्रभर विचार केला असं नाही. सकाळी सुचलं आणि केलं, एवढंच. आत्याबाई रोज बाहेरच्या खोलीत हातावर लिंग घेऊन अर्धा तास पूजेला बसतात. त्या वेळात मी ओव्हनचं दार अलगद उघडलं, आदल्या दिवशीची चानकी काढली आणि तिथेच, ओट्याखाली भिंतीला टेकून बसून खाल्ली. ओव्हनमधली ज्वारीची चानकी दुसऱ्या दिवशी खापरासारखी कडक होते. ती तोंडात ओलवून, आवाज न करता गिळावी लागते. मेलेल्या पोरीच्या तोंडचा घास होता तो.

पूजा झाल्यावर त्यांनी दार उघडलं. मग मला हाक मारली, "अनुपमा! आली व्हती गं!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "तिला ती घंटी आयकू आली असंल. टिंग."

मी म्हटलं, "असंल."

चूल थंड झाली. महिनाभरात खोकला निम्म्यावर आला, दोन महिन्यांत त्या स्टेशनापर्यंत चालत जाऊन येऊ लागल्या. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. आणि मी रोज सकाळी ओट्याखाली बसून खोटं खात होते.

पण गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. मला भूक लागू लागली. आधी मी सकाळी चहाशिवाय काही घेत नसे. आता डोळा उघडला की चानकी आठवायची. दुपारी चारला, शाळेत वर्गावर असले, तरी पोटात खड्डा पडायचा आणि मला कळायचं, घरी ओव्हन लागला. रविवारी ओव्हन बंद झाल्यावर त्याचा पत्रा निवताना टिक, टिक असा आवाज करायचा. पत्रा आकसतो म्हणून आवाज होतो, हे मी मुलांना शिकवते. तरी कोणीतरी आतून नखाने काच वाजवतंय असं वाटून मी दोनदा दार उघडून पाहिलं. आत जाळीवर चानकी होती, दुसरं काही नव्हतं. सकाळी चानकी काढताना काचेत माझा चेहरा दिसायचा, आणि काच फुगीर म्हणून तो लहान दिसायचा. त्याकडे पाहायचं मी सोडून दिलं. शिवकांतना यातलं एक अक्षर सांगितलं नाही. सांगणार काय, की तुमच्या बहिणीची भूक मला लागलीय?

पुढचा हिवाळा लागला होता; मार्गशीर्षातली सोमवारची सकाळ होती. नेहमीसारखी मी भिंतीला टेकून बसले होते. भूक इतकी होती की ओलवत बसायचा धीर राहिला नाही. मी चानकी दाताखाली धरली आणि फोडली. कडकन आवाज झाला.

बाहेरचं पुटपुटणं थांबलं.

मी उठायच्या आत आत्याबाई दारात आल्या, गळ्यातलं लिंग अजून हातातच. ओव्हनचं दार उघडं, आतला दिवा लागलेला, मी ओट्याखाली, तोंड भरलेलं, हातात अर्धी चानकी. माझ्या मनात एकच आलं: संपलं. आता या चूल पेटवणार, आणि या हिवाळ्यात मी यांना गमावणार. माझ्या पोटासाठी गमावणार.

त्यांनी लिंग करंड्यात ठेवलं. भिंत धरून माझ्यापुढे बसल्या. माझ्याकडे बघत होत्या, पण त्या नजरेत माझ्याबद्दलचा राग नव्हता, आणि खरं म्हणजे मीही नव्हते.

"कोरडीच खायलीस?" त्या म्हणाल्या. "थांब."

उठून तुपाची वाटी आणली, माझ्या हातातल्या अर्ध्या चानकीवर बोटाने तूप लावलं, वर मिठाचे दोन खडे चुरून टाकले.

"मीच गेले व्हते ना पीठ आनायला. उशीर झाला मला. लय उशीर झाला. खा."

मी, जिने कोणाची एक चूक कधी तशी सोडली नाही, मी त्यांना सांगितलं नाही की मी अनुपमा आहे. तुपाचा घास गोड लागला. मी खात राहिले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. शेवटचा तुकडा संपेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग पदराने माझी हनुवटी पुसली.

"पोट भरलं का?"

बारा वर्षं मी त्यांना आत्याबाई म्हणत आले. त्या सकाळी माझ्या तोंडून निघालं, "भरलं, अव्वा."

त्यांनी मान हलवली. एक लांब श्वास घेतला, मध्ये न अडखळता, आणि उठून राहिलेली पूजा करायला गेल्या.

दुपारी शाळेतून आले तर मागच्या अंगणात चुलीच्या जागी खड्डा होता. त्यांनी स्वतः खुरप्याने चूल काढली होती आणि ती माती तुळशीत टाकली होती. मला कोण समजून त्यांनी भरवलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यानंतर त्या मला पुन्हा अनुपमाच म्हणतात, वांग्याला टोचे कमी पडले तर बोलतातही.

चानकी मात्र त्यांनी पुन्हा केली नाही. परातीत उरलेलं पीठ आता शेवटच्या भाकरीत जातं. चारला त्या कळ फिरवतात आणि दहा मिनिटं ओव्हन रिकामा तापू देतात, काचेकडे न बघता वांगी धूत उभ्या राहतात.

आणि तो रिकामा तापायला लागला की मी कुठेही असले तरी मला भूक लागते.