थांबलेला मोठा काटा

गोडादऱ्याच्या घड्याळवालीचं प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. नोकरीत याहून मोठे गुन्हे उघड केले, पण निवृत्तीनंतर पहिल्यांदा आठवलं ते हेच.

तेव्हा मी सुरतेत उपनिरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. शहरातल्या गोडादरा भागात एक बाई घड्याळं दुरुस्त करते, ती आतली असली मशीन काढून नकली बसवते, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली.

दुसऱ्याच दिवशी तक्रारदार हजर. मूळचा जळगावकडचा, कडोदऱ्याच्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, सुपरवायझर. त्याने खिशातून रुमालात बांधलेलं जाड घड्याळ काढलं. तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या, कडेला चावी आणि तिच्या वर-खाली एकेक बटण. क्रोनोग्राफ म्हणतात त्याला.

"साहेब, माझ्या मोठ्या भावाचं आहे. तो गेला, मागे एवढंच राहिलं," तो म्हणाला. "सेल लवकर संपायचा म्हणून त्या बाईकडे दिलं. आता हा मोठा सेकंदकाटा हलत नाही, आणि बारावर उभाही राहत नाही. भावाच्या हातात हा काटा फिरताना मी रोज पाहिलाय. तिने मशीन बदललं."

काटा खरोखरच बाराच्या अलीकडे तिसऱ्या रेघेवर थांबलेला होता. कालचा फोन आणि आजची तक्रार जुळत होती. मी बाईला बोलावून घेतलं.

चाळिशीची, धुळ्याकडची, बोलण्यात अहिराणी मिसळणारी. नवरा वारल्यावर त्याची टपरी तीच चालवत होती. मी दरडावून विचारलं, "मूळ मशीन कुठे आहे?"

"साहेब, मशीन तेच शे. मी फक्त सेल बदलला."

मी प्रश्न पाच वेळा फिरवून विचारला. उत्तर तेच आलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी उत्तरात काहीतरी भर घालतो, असा माझा अनुभव होता. हिने एक शब्दही वाढवला नाही. तरी मी गुन्हा नोंदवायच्या बेतात होतो. विश्वासघाताचं कलम माझ्या डोक्यात तयार होतं. नोंद झाली असती, तर पुढे निर्दोष सुटूनही तिच्याकडे कुणी घड्याळ दिलं नसतं.

मग तक्रारदाराकडे बोट दाखवून तीच म्हणाली, "मी हात लावत नाही. घड्याळ यांच्याच हातात द्या. मी सांगते तसं यांना दाबू द्या."

दोन पंच बसवले. त्यातला एक दुसऱ्या भागातला जुना घड्याळजी होता, मी मुद्दाम बोलावलेला.

"चावी शेवटपर्यंत बाहेर ओढा," ती तक्रारदाराला म्हणाली. "आता वरचं बटण, हळूहळू."

त्याने बटण दाबलं. मोठा काटा एक घर सरकला. पुन्हा दाबलं, पुन्हा सरकला. असं करत काटा बरोबर बारावर आला.

"सेल बदलल्यावर कधी कधी काटा जागा सोडतो. ते माझ्याकडून बघायचं राहिलं, ती चूक माझी," ती म्हणाली. "आता चावी आत दाबा. वेळेचा सेकंद खालच्या छोट्या तबकडीत चालतो, तो बघा. मोठा काटा थांबलेलाच असतो. काम पडलं की चालू करायचा."

वरचं बटण दाबताच काटा धावू लागला. पुन्हा दाबल्यावर थांबला. खालचं दाबल्यावर बारावर परतला.

तक्रारदाराचं समाधान झालं नाही. "मशीन कशावरून तेच?"

"मागचं झाकण उघडा. दुरुस्तीवाले आत मशीनचा नंबर कोरून ठेवतात."

जुन्या घड्याळजीने झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने कोरलेली बारीक अक्षरं होती: मशीनचा नंबर, त्यापुढे महिना आणि साल. त्याने झाकणावरचा आणि मशीनवरचा नंबर ताडून पाहिला. तोच होता. बाईने झाकण हातात मागितलं आणि उजेडाकडे धरलं.

"मना धनीनं अक्षर शे," ती म्हणाली. तिच्या नवऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी हेच घड्याळ उघडलं होतं.

तक्रारदार म्हणाला, "भाऊ यांच्याच टपरीवर जायचा. मी विसरलो."

"तुमचा भाऊ काय काम करायचा?" बाईने विचारलं.

"लूम दुरुस्त करायचा. लूम मिनिटाला किती ठोके घेतं ते मोजत फिरायचा."

"मग तो काटा त्यासाठीच चालवायचा. तुम्ही नुसता फिरता ठेवत होता, म्हणून सेल संपत होता."

त्याने काटा चालू केला आणि पूर्ण मिनिटभर तो पाहत राहिला. मग स्वतःच थांबवला. तक्रार मागे घेताना त्याने बाईची माफी मागितली. नंबरवरून फोन करणाराही सापडला: त्याच रस्त्यावरचा दुसरा दुरुस्तीवाला. आपण डोळ्यांनी काहीच पाहिलं नसल्याचं त्याने जबाबात कबूल केलं. मी त्याला ताकीद दिली.

काही महिन्यांनी मी त्या रस्त्याने गेलो. टपरीच्या जागी आता बाईचंच पक्कं दुकान उभं होतं आणि आत तक्रारदार बसलेला होता. खात्यातल्या चार जणांची घड्याळं घेऊन आला होता तो. बाई त्याला एकाची बटणं समजावत होती. मला पाहून म्हणाली, "साहेब, चहा घेऊन जा." मी घेतला.

त्या दिवशी मला कलमं पाठ होती. घड्याळ नीट चालतं तेव्हा कसं चालतं, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्यानंतर कुणी काही बिघडवल्याची तक्रार आली, की आरोपीआधी मी त्या कामाच्या जाणकाराला बोलावू लागलो. त्यामुळे तपासाला एखादा दिवस जास्त लागायचा, पण तो दिवस वाया गेला असं मला कधी वाटलं नाही.