एक चूल, एक वाटा

वर्गात मी सामाजिक नियंत्रण शिकवते. पोलीस, कायदा, कोर्ट हे औपचारिक. निंदा, कुचेष्टा, बहिष्कार हे अनौपचारिक. मुलं माना खाली घालून लिहून घेतात आणि मला त्या धड्याला मटणाचा वास येतो.

माझं माहेर गगनबावड्याच्या रस्त्यावरून थोडं आत. जत्रेला आमची सगळी भावकी मिळून बकरी कापते. अंगणात ताडपत्री अंथरतात, तिच्यावर मटणाचे ढीग मांडतात. काळीज, नळी, चरबी प्रत्येक ढिगात सारखी पडली पाहिजे, नाहीतर तिथंच भांडण. एक चूल, एक वाटा. आपलं कोण आणि परकं कोण, हे मला शाळेत जायच्या आधी त्या ताडपत्रीनं शिकवलं.

माझ्या धाकट्या काकीची एकुलती एक मुलगी इचलकरंजीत नोकरीला होती. तिनं तिथल्याच एका बौद्ध घरातल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी. आमच्या भावकीत असा एक शोधून दाखवा! पण सुंभ जळला तरी पीळ कुठं जातो? थोरल्या चुलत्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. त्या जत्रेला फक्त एक ढीग कमी मांडला.

काका कधीच वारलेले, काकी घरात एकटी. तिनं पहाटे उठून वाटण वाटलं होतं आणि पातेलं घेऊन ती उंबऱ्यात बसली होती. कुणी हाक मारली नाही. दुपारी ते वाटण तिनं बटाट्याला लावलं. मी चुलत्यांना जाब विचारला, तर मिशीवरचा रस्सा पुसत म्हणाले, "लेकीला घरात घेऊ नको म्हणावं, लगीच वाटा सुरू. आमी काय तिचं वैरी हाय व्हय?" बोटांना लागलेलं तेल त्यांनी धोतराला पुसलं.

तरी काकी दोन वर्षं टिकली. लेक-जावई येत राहिले. भावकीतल्या बारशाचं बोलावणं मात्र काकीला येईना, तापानं फणफणली तरी शेजारचं दार उघडेना. "मेल्यावर खांदा द्यायला तरी चौघं लागत्यात की गं," ती मला एकदा म्हणाली. गाव करील ते राव काय करील, म्हणतात. ती तर एकटी बाई.

यंदा ताडपत्रीवर तिचा ढीग दिसला. मला इतका आनंद झाला, की मी पळतच तिच्या घरी गेले. काकी चुलीपुढं रस्सा ढवळत होती.

"ताई कधी येणार?" मी विचारलं.

"न्हाय येणार. येऊ नको म्हणून सांगितलं तिला." ती पळी फिरवत राहिली. "पोटुशी हाय. पयलं बाळंतपण सासूच करंल."

पहिल्या बाळंतपणाला माहेर बंद! कशाच्या बदल्यात, तर हाडं मिसळलेल्या त्या ढिगाच्या. मला भावकीची किळस होतीच, त्या क्षणी काकीचीही आली.

पण खरी शिसारी पुढंच होती. जेवणं चालू असताना विषय निघाला. पलीकडच्या आळीतल्या चुलतभावाच्या मुलानं जातीबाहेरची मुलगी पसंत केली होती. पुरुष हाडं चोखत होते, चुलते नुसते दात कोरत होते. तेवढ्यात बायकांच्या पंगतीतून काकीचा खणखणीत आवाज आला.

"माजी लेक भायेर, आन् ह्येंची सून आत? आसं कसं चालंल? वाटा बंद करा की त्येंचाबी!"

चुलत्यांना तोंड उघडावंच लागलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या ताटातल्या रश्श्यावर चरबीची साय धरली होती. मी उठले आणि ताट दारातल्या कुत्र्यापुढं ठेवलं.

काकी मागनं धावत आली. "आगं, भावकीचा वाटा हाय त्यो! लेक सोडून मिळवलाय मी, आन् तू कुत्र्याला घालतीस?"